आवतण नावाचं झाड

पद्मा पांढरीपांडे यांना अख्खं कॉलेज पाठीमागे 'पालावाल्या मॅडम' म्हणायचं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वर्ध्याच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्यांना एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची अकरा एकाच वेलीच्या मागे गेली होती. नवरा म्हणायचा, "एवढी वर्षं देवाच्या मागे लागली असतीस, तर देव आपल्या नालवाडीत भाड्यानं राहायला आला असता." देव आला नाही आणि वेलही आली नाही. वेलीसाठी दर वर्षी पद्माताईंनाच कापडी थैली घेऊन एसटीनं आर्वीला जावं लागे.

जुलैतल्या एका दुपारी त्यांची नवी विद्यार्थिनी ऋचा मोबाइल हातात धरून प्रयोगशाळेत आली. तिला हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, हैदराबादच्या एका कंपनीचा पेपर आलाय. आपल्याच वेलीवर. लिहिलंय, की वर्धा जिल्ह्यात लोक या वेलीला 'आवतण' म्हणतात."

"काय म्हणतात?"

"आवतण. मी शेतकऱ्याच्या घरची आहे मॅडम, आवतण नावाचं झाड मी तरी नाही पाहिलं."

आता पद्माताईही हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. आवतण म्हणजे जेवायचं बोलावणं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, लोणी-हळद चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे ज्याला माहीत नाही असा माणूस या मुलखात शोधून सापडायचा नाही. म्हणजे कुणा शहाण्यानं झाडाचं नाव 'निमंत्रण' असं छापलं होतं.

मग त्या हसायच्या थांबल्या. त्या वेलीच्या पुढे 'आवतण' हा शब्द साऱ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता. तो त्यांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होता, आणि त्यांच्याच अक्षरात.

"पहिलं नाव कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

ऋचानं स्क्रीन वर सरकवली आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पहिलं नाव सुश्रुतचं होतं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याचं. पुढे चार नावं कंपनीतल्या साहेबांची. अगदी तळाशी, बारीक टायपात, एक ओळ होती : प्रयोगशाळेची जागा वापरू दिल्याबद्दल डॉ. पद्मा पांढरीपांडे यांचे आभार. जागा! जणू पद्माताई घरमालकीण होत्या आणि सुश्रुत त्यांचा भाडेकरू. कंपनीनं वेलीतल्या औषधाच्या पेटंटचा अर्जसुद्धा करून टाकला होता.

"सरांना फोन लावू का?" ऋचानं विचारलं. ती सुश्रुतला सर म्हणायची.

"मी लावते."

त्यांनी तीनदा लावला. चौथ्या वेळी मेसेज आला, 'मीटिंगमध्ये आहे मॅडम, करतो.' त्यानंतर त्यानं फोन केला नाही. प्राचार्यांकडे गेल्या, तर ते म्हणाले, "मॅडम, वही तुम्ही त्याला स्वतःच्या हातानं दिली होती ना? मग चोरी कशी म्हणायची? आणि निवृत्तीला तुमचे सहा महिने उरलेत, कशाला वाढवता?" वही स्वतःच्या हातानं दिली होती, हे खरं होतं. हेच तर सगळ्यात जास्त लागत होतं.

सुश्रुत पुलगावचा. त्याचे वडील तिथल्या लष्कराच्या डेपोत नोकरीला होते आणि तो क्वार्टर्समध्ये वाढला. शाळा हिंदी-इंग्रजी, शेजारी अर्ध्या हिंदुस्थानातले. हुशार इतका, की वाईट वाटावं. आला तेव्हा त्याला वर्ध्यात राहायला खोली नव्हती, म्हणून पहिले दोन महिने तो पद्माताईंच्याच घरी राहिला. पुढे कावीळ झाली तेव्हा त्यांच्याच घरी पडून होता, आणि पद्माताईंनी महिनाभर स्वतःच्या घरात फोडणी घातली नाही. सात वर्षं तो त्यांच्याकडे होता, मग हैदराबादला त्या कंपनीत लागला. त्यांना मूल नव्हतं. सुश्रुत आपला मुलगा आहे असं त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्यांनी तसं धरून ठेवलं होतं आणि तो तसं धरू देत होता.

दर वर्षी त्या म्हणत, "चल सुश्रुत, पोळ्याला रुख्माबाईंकडे. पुरणपोळी खाशील, वेल बघशील." दर वर्षी तो म्हणे, "मॅडम, कॉलम लावलाय. सोडून कसं येऊ?" काचेच्या लांब नळीतून अर्क थेंबाथेंबानं गाळायचा, त्यातली द्रव्यं वेगळी करायची, याला ते कॉलम म्हणत. कॉलम सोडून जाता येत नाही हे पद्माताईंनीच त्याला शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना उलट कौतुकच वाटायचं. कौतुक आंधळं असतं म्हणतात. त्यांचं तर बहिरंही होतं.

पण वेल खरी होती ती रुख्माबाईंची. आर्वीच्या पुढे एका खेड्यात त्यांचं शेत. अकरा वर्षांपूर्वी पद्माताईंनी तिथं एक बैल पाहिला होता. जुवानं त्याचा खांदा सोलवटून निघालेला, आणि चार दिवसांत जखम कोरडी. रुख्माबाई धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका वेलीचा पाला वाटून लावत. गावात तिला खांदवेल म्हणत. पण रुख्माबाईंचा एक नेम होता. पाला तोडायचा तो फक्त आवतणाच्या संध्याकाळी, आणि तोच वर्षभर वाळवून वापरायचा. इतर दिवशी तोडलेलं पान नुसता पाला असतं, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं.

पद्माताई शिकलेल्या. त्यांनी आधी डिसेंबरात पानं नेली, मग मार्चमध्ये, मग जूनमध्ये. काहीच हाती लागलं नाही. शेवटी मुकाट्यानं आवतणाच्या संध्याकाळी जाऊन पानं आणली, आणि अतिनील दिव्याखाली अर्काच्या पट्टीवर एक निळा ठिपका लखलखून उठला. श्रावणाच्या अखेरीस ती वेल फुलावर येण्याच्या बेतात असते, आणि तेवढ्याच दिवसांत ते द्रव्य पानात उतरतं. रुख्माबाईंच्या सासूला हे कळलं होतं. तेव्हापासून पद्माताई बाटलीवर तारीख लिहीत नसत. पोळ्याची तारीख दर वर्षी बदलते, आवतण बदलत नाही. म्हणून त्या नुसतं 'आवतण ४', 'आवतण ५' असं लिहीत. पानं घरी गच्चीवरच्या सावलीत वाळवायची, कुटायची आणि बाटल्या दिवाळीनंतर प्रयोगशाळेत न्यायच्या. सुश्रुतचं जग त्या बाटलीपासून सुरू होई. डिसेंबर-मार्चच्या रिकाम्या प्रयोगांची पहिली वही तो यायच्या आधीची होती, ती घरी ट्रंकेत पडून होती.

पाला देताना रुख्माबाईंनी एकच अट घातली होती. "विकजो नको बाई. विकलं का पान रुसते." आणि पद्माताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. पेपर लिहू, त्यात तुमचं आणि तुमच्या सासूचं नाव घालू, औषध कुणाच्या खिशात जाऊ देणार नाही. द्रव्याची रचना पक्की व्हायला अजून एक हंगाम हवा, अजून एक हंगाम, असं करत त्या थांबल्या. सुश्रुतला थांबायची सवय नव्हती.

ऑगस्ट संपता संपता खांदशेकणीचा दिवस आला. पद्माताई थैली घेऊन निघाल्या. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मनाशी दहा वेळा जुळवणी केली, की रुख्माबाईंना कसं सांगायचं. सुश्रुतनं फसवलं याचं दुःख होतंच, पण त्या दुःखाखाली भीती होती. आपण दिलेला शब्द आपल्याच हातानं मोडला गेला, आणि ते त्या बाईला कळलं तर?

कळलेलं होतं. रुख्माबाई गोठ्यासमोर पाणी तापवत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा चुलीत काडी सारली. दर वर्षी त्या आधी 'आली का बाई' म्हणत.

"मावशी," पद्माताई म्हणाल्या.

"तुये मानसं आलते," रुख्माबाई म्हणाल्या. "संक्रांतीच्या आंगंमांगं. गाडी घेऊन. मोबाइलात वेलीचा फोटू व्हता त्याइच्या. गावात पुसून राह्यलते, आवतण कुठी भेटते, आवतण कुठी भेटते. किसनराव म्हने, आमच्या घरी चाला, जेवन तयार हाय. सारं गाव हासलं." त्या स्वतः हसल्या नाहीत. "मंग धुऱ्यावर गेले आन् मुळासकट उपटून नेली. दोन कांड्या राह्यल्या बांधाच्या आतून."

पद्माताई धुऱ्याकडे बघत राहिल्या. जिथं हिरवा पसारा असायचा, तिथं गवत उगवलं होतं.

"माझी माणसं नव्हती ती," त्या म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थ्यानं पाठवली. मी त्याला वही दिली होती. माझा विश्वास होता त्याच्यावर."

"माह्या तुयावर व्हता," रुख्माबाई म्हणाल्या.

पद्माताई गोठ्याच्या ओट्यावर बसल्या. रुख्माबाईंनी पळसाच्या पानांनी बैलाचा खांदा शेकायला घेतला, आणि ते डोळे मिटून उभं राहिलेलं जनावर बघताना पद्माताईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि रुख्माबाईंनी पाहिलं नाही, किंवा पाहूनही काम चालू ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुश्रुत.

पद्माताईंनी घेतला. त्यांना ऐकायला जरा कमी यायचं, म्हणून त्या नेहमी फोन स्पीकरवर ठेवत.

"मॅडम, रागावला असाल, माहीत आहे मला," तो म्हणाला. आवाज तोच, लाघवी. "कंपनीची पॉलिसी होती, माझ्या हातात नव्हतं. पण आता ऐका ना. आम्ही तिथून नेलेल्या पानांत काहीच निघत नाहीये. तीन वेळा केलं. ठिपकाच येत नाही. मॅडम, आवतण ही वेगळी जात आहे का? वहीत खुलासा नाही."

पद्माताईंनी फोन ओट्यावर ठेवला.

"मी बोललोय साहेबांशी. तुम्ही एवढं सांगितलं तर पुढच्या पेपरवर तुमचं नाव पहिलं. पेटंटमध्येही घालतील. मॅडम, तुमच्या अकरा वर्षांचं चीज होईल. निवृत्तीच्या आधी."

रुख्माबाईंचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला होता. त्या फोनकडे बघत होत्या, पद्माताईंकडे नाही.

आणि खोटं कशाला सांगू, पद्माताईंच्या मनात आलं. पहिलं नाव. एकतीस वर्षांत त्यांना कुणी पहिलं नाव दिलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी तोड, बस. वेल काय, दुसऱ्या धुऱ्यांवरही असेल. शब्द तर आधीच मोडलेला होता. मोडलेल्या शब्दाला आणखी काय मोडायचं, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं. मग त्यांना कावीळ झालेला सुश्रुत आठवला, त्याच्या ताटातला बिनफोडणीचा वरणभात आठवला, आणि त्यांना संताप आला.

"सुश्रुत," त्या म्हणाल्या, "आवतण जात नाही रे. आवतण म्हणजे जेवायचं बोलावणं. सात वर्षं मी तुला देत होते. तू कॉलम लावून बसायचास."

"मॅडम, म्हणजे? मला समजलं नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला. लगेच पुन्हा वाजायला लागला, तेव्हा त्यांनी तो थैलीत टाकला.

रुख्माबाईंनी वाटीतलं लोणी-हळद बोटांवर घेतलं आणि बैलाच्या खांद्याला चोळलं. चांगलं सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पद्माताई उठल्या. शेवटची एसटी गाठायची होती. बांधाच्या आतल्या दोन कांड्यांना पानं आलेली असतील, हे त्यांना माहीत होतं. पानं आज, आत्ता, भरलेली असतील. त्यांनी पान मागितलं नाही.

फाटकापाशी पोचल्या तेव्हा मागून आवाज आला.

"पद्माबाई."

त्या वळल्या. रुख्माबाई हळदीचे हात पदराला लागणार नाहीत असे धरून उभ्या होत्या.

"उद्या जेवाले येजो," त्या म्हणाल्या. "थैली आनजो नको."