घोड्याच्या वर्षाची हिरवी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि माझा रंग हिरवा आहे. हे आधीच सांगते, कारण माझ्या मागच्या काचेवर ‘ही गाडी पिवळी आहे’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. माझे पहिले मालक जूम आजोबा शनिवारी जन्मले, आणि आमच्या इसान मुलखात शनिवारच्या माणसाला हिरवा रंग लाभत नाही. आजोबांनी रंग बदलला नाही, ती पट्टी चिकटवली. तेवढ्यावर नशिबाची समजूत निघाली.

मी कारखान्यातून बाहेर पडले ती बुद्धसनाच्या २५४५ साली. लोक नुसते ‘पंचेचाळीस’ म्हणतात. आमच्या कुळात हे साल मानाचे. चव्वेचाळीसच्या बहिणींचा गिअरबॉक्स लेचापेचा, तर सेहेचाळीसच्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरलेला. दणकट गिअरबॉक्स आणि डिझेलचा साधा पंप, दोन्ही एकत्र फक्त आमच्याकडे. मी वर्षानुवर्षे कलिंगडे वाहिली. आजोबा माझ्या बॉनेटवर हात फिरवून ‘गुणाची गं माझी’ म्हणत. मग त्यांचे गुडघे गेले आणि मी चिंचेखाली उभी राहिले. कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालू लागल्या. मला फार वाईट वाटे.

मला विकायचे ठरल्यावर गिऱ्हाइकांचे फोन येत. “कुठल्या सालची?” असे विचारले की आजोबा सांगत, “घोड्याच्या.” माझी खरेदी आणि नातीचा जन्म एकाच वर्षातला, एवढे त्यांना पक्के ठाऊक. पण आमच्याकडे बारा प्राण्यांची वर्षे फिरून फिरून येतात, आणि आधीचा घोडा तेहेतीस साली येऊन गेला होता. आजोबांचा थकलेला आवाज ऐकून लोक तोच म्हातारा घोडा धरत आणि फोन ठेवून देत.

एके दिवशी खमपूनचा फोन आला. ही मिरवणुकीच्या गाड्यांवर उभी राहून गाणारी बाई. दुसऱ्यांची मुले भिक्खू व्हायला निघत, तेव्हा पुढे हिचा आवाज असे. आता तिचा स्वतःचा मुलगा, कोप, दीक्षा घेणार होता. त्याच्यापुढे आपलीच गाडी चालावी, हा तिचा हट्ट. आजोबांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन मोठ्याने लावलेला असे. मी सगळे ऐकले.

“दादा, घोड्याच्या वर्षाची आहे म्हणे.”

तिचा भाऊ बुनलांग मिस्त्री मागून ओरडला, “तेहेतीसची? स्पीकर चढवलेस की बसेल खाली! मला पंचेचाळीसच हवी.”

“मीपण घोड्याच्याच वर्षाची आहे. मी बसले का खाली?”

“तू कसली बसतेस! तू आम्हाला बसवतेस!”

तरी खमपूनच्या हट्टापायी दोघे मला बघायला आले. बुनलांगने बॉनेट उघडताच एक कोंबडी फडफडत त्याच्या तोंडावर आली. तोंड पुसून तो वाकला, पंप आणि गिअरबॉक्स पाहिला आणि खदखदून हसला. “अगं, हा धाकटा घोडा आहे! पंचेचाळीस!”

“मी घोडाच म्हणत होतो,” आजोबा म्हणाले. “गाढवं पलीकडून फोन ठेवत होती.”

ओझे पेलावे म्हणून बुनलांगने माझ्या स्प्रिंगांचे पाटे जाड केले. पाठीवर जनरेटर बसवला, स्पीकरची भिंत उभी केली, वर गाण्यासाठी मंच बांधला. मी आरशात पाहिले आणि मला माझाच अभिमान वाटला.

खमपूनचा चुलतभाऊ थोंगदाम सेहेचाळीसची चकचकीत गाडी घेऊन मिरवणुकीला आला. “ताई, तुझ्या हिरव्या घोड्याला चारा घातलास का?”

“पिवळा आहे तो. वाचता येतं ना?”

नवी गाडी पुढे शोभते, असे म्हणून तो पुढे घुसला. ऊन रणरणत होते आणि चाल गोगलगायीची. पुलाजवळ त्याच्या गाडीचा कॉम्प्युटर तापला, दिवे लुकलुकले आणि गाडी ठप्प झाली. वाजंत्री थांबली. मुंडन केलेला कोप मित्रांच्या खांद्यावर तसाच ताटकळला. दीक्षेचा मुहूर्त टळतो की काय, या भीतीने खमपून रडकुंडीला आली.

बुनलांगने मला मागून भिडवले. मी थोंगदामच्या गाडीला ढकलत ढकलत पुलापार नेले आणि कडेला लावले. ऊन मलाही लागत होते, पण माझे डोके रिकामे, त्यामुळे त्यात तापण्यासारखे काही नव्हते. आता सगळ्यांच्या पुढे मी होते.

खमपूनने माईक घेतला आणि मुलाकडे बघत नुसती डोळेच पुसत राहिली. खांद्यावरून कोप ओरडला, “आई, सगळ्या गावाच्या पोरांसाठी गायलीस, माझ्याच वेळी घसा बसला होय?”

ती हसली आणि गायली. मित्रांनो, माझा पत्रा न् पत्रा थरथरला! मला बघायला मिरवणुकीत आलेले जूम आजोबा माझा कठडा धरून त्या मोडक्या गुडघ्यांवर नाचले. मागे थोंगदामही नाचत होता. आम्ही वेळेवर विहाराच्या दारात पोहोचलो. खमपूनने गळ्यातला हार काढून माझ्या आरशाला बांधला.

म्हणून सांगते, जुनी गाडी सजवायला घ्याल तेव्हा तिचे साल नीट विचारून घ्या. नवी तीच चांगली, असे धरून चालू नका. घेतलीत की तेलपाणी वेळेवर करा. आणि कुठे झाडाखाली माझी एखादी बहीण उभी असल्याचे कळले, तर फोन ठेवून देऊ नका. जाऊन तिचे बॉनेट उघडा. कोंबडीपासून तोंड तेवढे सांभाळा.