पिंड, कावळा आणि दुसरा मजला

लक्ष्मणराव सोळंके जिवंत होते तोवर काचीगुड्याचं घर विकण्याचा विषय त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती. ते गेले, आणि मंडळी स्मशानातून येऊन पाय धुतात न धुतात तोच तो विषय निघाला. काढला त्यांच्या बायकोने.

"त्या बिल्डरला निरोप दे," पद्मावतीबाई थोरल्या विकासला म्हणाल्या. "म्हणावं, दहावा झाला की ये."

विकास कोठी भागातल्या एका बँकेत अधिकारी होता. शोक आणि व्यवहार एकाच दिवशी आले तर आधी कशाला हात घालायचा, याचं परिपत्रक त्याच्याकडे आलेलं नव्हतं. तो नुसताच "हौ" म्हणाला.

देशाने बाजाराची दारं उघडली होती तो काळ. काचीगुड्यात लोक जुनी दारं चौकटीसकट काढून विकत होते आणि त्या जागी अपार्टमेंटं उभी राहत होती. सोळंक्यांचं घर म्हणजे तीन खोल्या आणि अंगण. नळ अंगणात, संडास अंगणाच्या पलीकडे, आणि मागून आगगाडी गेली की मांडणीवरचे डबे वाजायचे. लक्ष्मणराव रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते, त्यांना डबे वाजल्याशिवाय झोप येत नसे. पद्मावतीबाईंना ते वाजल्यामुळे येत नसे. या एका मतभेदावर संसार टिकला होता.

बिल्डरने बदल्यात दोन फ्लॅट देऊ केले होते. पद्मावतीबाई गुपचूप जाऊन नमुन्याचा फ्लॅट बघूनही आल्या होत्या. तिथे ओट्याशी नळ होता. त्यांनी तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. बिल्डरचा माणूस म्हणाला, "अम्मा, पानी अभी नै आया." "येईल," त्या म्हणाल्या, आणि दुसरा मजला पक्का करून आल्या. कुणाकडून तरी ते कानावर आल्यावर लक्ष्मणराव म्हणाले, "माझं मढं निघाल्यावर काय ते करा."

ही अट आता पूर्ण झाली होती.

दहाव्याला मंडळी पुराणापुलाकडच्या घाटावर गेली. बायकांनी यायची पद्धत नव्हती, पण पद्मावतीबाई आल्या आणि थोरली सून अलका हिच्यासोबत लिंबाच्या सावलीला बसल्या. गुरुजींनी पिंड मांडला. विकास आणि धाकटा मुलगा प्रशांत चकचकीत डोक्यांनी हात जोडून उभे राहिले. मुसी नदीला पाणी नव्हतं, पण कावळे होते. त्यातला एक समोरच्या तारेवर येऊन बसला, त्याने पिंड नीट पाहिला, आणि बसूनच राहिला.

शेजारी दुसऱ्या एका कुटुंबाचा पिंड ठेवल्याबरोबर शिवला गेला. त्यांच्या म्हाताऱ्याला बहुतेक काहीच नको होतं.

"इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "बोला."

काय बोलायचं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सगळे दुसरं काहीतरी बोलू लागले.

"अण्णा, तुमचा रेडिओ दुरुस्त करून घेऊ," विकास म्हणाला.

कावळा ढिम्म.

प्रशांत तारनाक्याला राहायचा. कॉम्प्युटरचा कोर्स करून अमेरिकेची वाट बघत होता. तो म्हणाला, "अण्णा, मी आईला अमेरिका दाखवीन."

"अमेरिका आईला दाखवतोस, तर दादाला काय त्याचं?" नामदेवराव म्हणाले. हे लक्ष्मणरावांचे धाकटे भाऊ. "दादा सिकंदराबादला जायचं म्हटलं तरी कुरकुर करायचा."

"आईला आम्ही कधी एकटं ठेवणार नाही," विकास म्हणाला.

कावळ्याने मान वळवली. गुरुजी पुढे झुकले.

"आळीपाळीनं," अलका सावलीतून म्हणाली. "अहो, तेही सांगून ठेवा. नंतर घोळ नको."

कावळ्याने पाठ फिरवली.

ऊन चढत होतं. नव्या टकलांना ते जास्त कळत होतं. शेवटी नामदेवराव म्हणाले, "अरे, कैकू परेशान करताय सगळ्यांना? घर विकणार नाही म्हणा, की आत्ता येतो खाली."

प्रशांत विकासच्या कानाशी लागला. "म्हणून टाक ना, दादा. मग बघू. कुठं स्टॅम्प पेपरवर देतोय?"

"तूच म्हण."

"थोरला तू आहेस."

"कॉम्प्युटर तू शिकलास. तुझा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर?"

"नाहीच आहे," प्रशांत म्हणाला. "पण अण्णांशी खोटं कसं बोलायचं?"

हा मुद्दा विकासलाही पटला. रोज कर्जदारांना तोंड भरून आश्वासनं देणारा हा माणूस, पण तारेवरच्या पाखराला खोटा शब्द द्यायचं धाडस त्याला होईना. त्याने एकदा तोंड उघडलं. लिंबाखाली पद्मावतीबाई एकदम ताठ झाल्या. त्याने ते मिटलं.

"शब्द दिला तर पाळावा लागेल," गुरुजींनी बजावलं. "आणि जरा लवकर. मला अंबरपेटला जायचंय."

पद्मावतीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, दमादमाने पिंडापाशी आल्या. नामदेवराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला उन्हात?" त्यांनी लक्ष दिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वर पाहिलं.

"अहो," त्या कावळ्याला म्हणाल्या.

दोन्ही मुलांनी माना खाली घातल्या. आईने वडिलांना चारचौघांत हाक मारलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"घर विकायचंय. पोरांचं काही नाही यात, मीच म्हणाले. त्यांच्यावर राग धरू नका. तुमची मालगाडी यायची तेव्हा माझं जेवण व्हायचं. सगळा जन्म ताट झाकून बसले, लवकर या म्हणून एकदा तरी बोलले का? आजही म्हणत नाही. पण आता माझ्यानं ते अंगण ओलांडवत नाही. मला ओट्याशी नळ पाहिजे." त्या थोडं थांबल्या. "पान वाढलंय. यायचं तर या."

कावळा ऐकत होता. निदान सगळ्यांना तसं वाटलं. त्याने पंख झाडले, तार सोडली, खाली झेप घेतली. नामदेवरावांनी हात जोडले. कावळा सोळंक्यांच्या पिंडावरून गेला आणि शेजारच्यांच्या पिंडावर जाऊन बसला.

नामदेवरावांनी जोडलेले हात सोडले.

"बाहेरचंच गोड लागायचं," पद्मावतीबाई म्हणाल्या. "गुरुजी, दर्भाचा करा."

दर्भाच्या काड्यांचा कावळा करून शिवायची सोय शास्त्रात आहे. शास्त्र करणाऱ्यांनाही पुढच्या कामाला जायचं असणार. गुरुजींनी चार काड्या मुरडून, गाठ मारून कावळा केला. तो कावळ्यासारखा दिसत नव्हता, पण कुणासारखाही दिसत नसल्यामुळे वाद झाला नाही.

"वहिनी, हा खोटा कावळा," नामदेवराव म्हणाले. "दादाची इच्छा तशीच राहील."

"राहू दे भावजी. माझ्या राहिल्या तेव्हा कुणी कावळा आणला नव्हता."

गुरुजींनी तो विकासपुढे धरला. विकासचा हात पुढे येईना. त्यांनी प्रशांतकडे धरला, तर प्रशांत चष्मा पुसू लागला. पद्मावतीबाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे."

गुरुजींनी एकदा नामदेवरावांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि दर्भ त्यांच्या हातात दिला. पद्मावतीबाई खाली वाकल्या. पिंडाला कावळा हळूच टेकवला, आणि लगेच उचलला नाही. जेवणारा माणूस सावकाश जेवतो तेवढा वेळ तो तिथेच धरून ठेवला. गुरुजींनीही घड्याळ पाहिलं नाही.

घाटावरून बाहेर आल्यावर बिल्डरचा माणूस उभा होता. पांढरा सफारी आणि बेताचा दुःखी चेहरा. "अम्मा, जल्दी नै है," तो म्हणाला, आणि कागद पुढे केले.

"उद्या ये," पद्मावतीबाई म्हणाल्या. "सही करते. नळ बसवल्याशिवाय मात्र राहायला येणार नाही."

ऑटोत त्या मधे बसल्या आणि दोन्ही बाजूंना मुलगे. अफजलगंज येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मग एकाएकी रडायला लागल्या, मोठ्याने, लहान पोरासारख्या. ऑटोवाल्याने वळून पाहिलं आणि वेग कमी केला. प्रशांतला काही सुचेना, म्हणून त्याने त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

"आई," विकास घाबरून म्हणाला, "तुझं मन होत नसेल तर नाही विकायचं. मी बोलतो त्याच्याशी. घर राहू दे."

पद्मावतीबाईंनी पदराने नाक पुसलं आणि त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"घराचं काय काढलंस मधेच?" त्या म्हणाल्या. "ते गेले ना रे."