साखळी की दोर

ताईने नांगराच्या साखळीची पाचवी लाल कडी हाताखालून जाऊ दिली आणि तळवा दाबून साखळी अडवली.

"पंचवीस मीटर गेली," ती मागे न बघताच ओरडली. "पुरे की अजून सोडू?"

"पाणी किती आहे?" सुकाणूपाशी बसलेल्या धाकटीचा आवाज आला.

"सहा."

"साखळी पाण्याच्या चौपट सोडायची. सहा चोक चोवीस. तीस वर्षं शाळेत शिकवलंस आणि पाढा मला विचारतेस?"

"परीक्षा घेत होते तुझी."

"हो, तर!"

ताईने साखळी खुंट्याला अडकवली आणि गुडघे सावरत तिथेच बसली. होडी जेमतेम आठ मीटरची, पण मध्ये केबिन होती, केबिनवर सैल सोडलेलं शीड होतं आणि वर सकाळचं धुकं. त्यामुळे पुढच्या टोकावर बसलेल्याला मागचं माणूस दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

साखळी त्यांची नव्हती. बंदरावरच्या दुकानदाराने ती चार दिवस वापरून बघायला दिली होती. "दोघी बायका आणि एवढं वजन! कंबर मोडली तर माझ्या नावाने खडे फोडू नका," असं तो म्हणाला होता. त्यावर धाकटीने सांगितलं होतं, "कंबर हिची मोडेल. खडे मी फोडेन."

दुकानात सगळे हसले होते. ताईसुद्धा हसली होती, पण साखळीकडे न बघता.

कारण मागच्या वर्षापर्यंत या होडीच्या नांगराला दोर होता आणि तो ताईने निवडला होता. धाकटीच्या नवऱ्याला घरात सगळे थट्टेने कप्तान म्हणत. कप्तानला साखळी हवी होती. ताईने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून रबराचा तुकडा ताणून दाखवला होता. "हे बघा, दोर असा ताणतो, लाटेचा झटका गिळतो. साखळी तळाशी पडून राहते हे खरं, पण तुमच्या एवढ्याशा होडीचं नाक तिच्या वजनाने पाण्यात जाईल." कप्तानने मान डोलावली होती. शहाण्या विद्यार्थ्यासारखी.

मग एके दिवशी कप्तान एकटाच या खाडीत येऊन नांगर टाकून राहिला. तिसऱ्या दिवशी होडी बाहेरच्या खडकांवर आपटत असलेली सापडली. होडीत कोणी नव्हतं. पुढून दोराचं एक हातभर टोक लोंबत होतं, केरसुणीसारखं पिंजलेलं. दरम्यान एक रात्र वारा सुटला होता. खडकावर घासून दोर तुटला असणार, असं ज्याने त्याने म्हटलं. धाकटीने काहीच म्हटलं नाही. वर्षभरात एकदाही नाही. आता ती होडी पुन्हा पाण्यात घालत होती आणि काय घ्यायचं ते तीच ठरवणार होती. साखळी घेतली, तर दोराने घात केला असं ठरणार. म्हणजे ताईने केला असं. ताईला तेच एकदाचं ऐकून मोकळं व्हायचं होतं, आणि तेच ऐकायची तिला धास्ती होती.

"बघायची तर तिथेच बघू," धाकटी म्हणाली होती. म्हणून त्या इथे आल्या होत्या.

खाडीत एकही पक्षी नव्हता. पाणी कढईतल्या तेलासारखं निपचित. भरती सुरू होऊन अर्धा तास झाला होता, तेव्हा होडीचं नाक एव्हाना समुद्राकडे वळायला हवं होतं. नांगराला बांधलेली होडी वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभी राहते. ताईने हे कितीतरी मुलांना वाटीतल्या पाण्यात कागदाची नाव सोडून शिकवलं होतं. पण ही होडी जमिनीकडे तोंड करून उभी होती. हट्टी मुलासारखी.

"ताई, साखळीवर हात ठेव."

"का?"

"ठेव तर. नांगर सरकत असेल तर हाताला कळतं ना? तूच शिकवलंयस."

ताईने तळवा ठेवला. लोखंड बर्फासारखं गार होतं. आधी काहीच नाही. मग खालून एक टक्. थोड्या वेळाने दोन. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा एक. नांगर सरकताना असा आवाज येत नाही. तेव्हा नुसती घरघर येते, जात्यासारखी. हे कोणीतरी दारावर बोटाच्या पेराने वाजवल्यासारखं होतं, घरातलं माणूस झोपलंय की जागं हे माहीत नसल्यासारखं.

"येतंय ना?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"दगड असेल."

"असेल."

पुन्हा टक्. ताईने हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"काढूया वर," ती म्हणाली. "ही जागा बरी नाही. तू सुकाणू सोडू नकोस, मी ओढते."

साखळी एकेक हात वर येऊ लागली. वीस मीटर. पंधरा. नांगर सुटला तसा भार दुप्पट झाला. ताईचे दंड भरून आले, पण तिने हाक मारली नाही. नांगर पाण्याबाहेर आला तेव्हा त्याच्या दाताला काहीतरी अडकलेलं होतं. हिरवं, बुळबुळीत, मनगटाएवढं जाड. तिने त्यावरचं शेवाळ अंगठ्याने खरवडलं. खाली दोर निघाला. तीन पेडांचा, एका पेडात निळी रेघ. दुकानात शंभर दोर होते, त्यातून तिनेच तो वेचून घेतला होता.

एका अंगाने दोर खाली पाण्यात जात होता, जुन्या नांगराकडे. दुसऱ्या अंगाने सैल होता. तिने ते सैल अंग ओढून घेतलं. चार हात आला आणि टोक लागलं.

टोक पिंजलेलं नव्हतं. सुरीने सरळ कापलेलं होतं. आणि कापल्या जागेखाली पिवळा मेणाचा दोरा गुंडाळलेला होता, वेढ्याला वेढा चिकटवून, शेवटची गाठ आत दडवून.

कप्तान कधीही नुसता दोर कापत नसे. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी मेणाचा दोरा गुंडाळायचा, मगच सुरी लावायची, म्हणजे पेड सुटत नाहीत. कपडे वाळत घालायची दोरी कापतानासुद्धा तो हेच करी आणि धाकटी त्याला हसत असे. या कामाला दहा मिनिटं लागतात. निवांत बसावं लागतं. होडीकडचं टोक मागाहून खडकांवर आपटून पिंजलं असणार.

नांगर तळाशी अडकला म्हणून कापला असेल का? पण मग माणूस दोराला काहीतरी तरंगतं बांधून ठेवतो, परत येऊन काढता यावं म्हणून. या टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं. त्याला परत यायचं नव्हतं.

वर्षभर छातीवर असलेला दगड उतरला. ताईने एक पूर्ण श्वास घेतला, आणि तो सोडता सोडता तिला कळलं की हा दगड आता कोणाच्या छातीवर जाणार.

"काय गं, काय आलं?" धाकटीची हाक आली. "फार वेळ लागला तुला."

"कचरा आहे. थांब तिथेच."

पण केबिनच्या बाजूने पावलं वाजू लागली होती. ताईने दोऱ्याला नखं लावली. गाठ निघेना. तिने टोक तोंडात धरलं आणि खारट, कडू दोरा दातांनी तोडला. वेढे उलगडून मूठभर पाण्यात टाकले. तिन्ही पेड सोडवले, त्यांतले तंतू ओरबाडले, टोक होडीच्या काठावर दोन-चारदा जोराने घासलं. कागदी नावा करणारे हात ते; भराभर चालले.

धाकटी आली तेव्हा ताई दोर मांडीवर घेऊन बसली होती.

"आपलाच आहे," ताई म्हणाली. "बघ. खडकाला घासून तुटलाय."

धाकटी उकिडवी बसली. तिने ते पिंजलेलं टोक हातात घेतलं आणि बराच वेळ अंगठ्याने चाचपलं.

"साखळी हवी होती त्याला," ताई पुढे म्हणाली. "माझं ऐकलं त्याने. तुला जे बोलायचंय ते बोल गं मला. वर्षभर वाट बघतेय."

धाकटीने वर पाहिलं. मग हात पुढे केला आणि लहान मुलाच्या तोंडाला लागलेलं शीत काढावं तसं ताईच्या ओठाला चिकटलेलं काहीतरी अलगद काढलं. पिवळा धागा होता, बोटभर लांब.



धाकटी तो धागा आपल्या बोटाला गुंडाळू लागली. सावकाश, वेढ्याला वेढा चिकटवून.

"साखळी परत देऊन टाकू, ताई," ती म्हणाली. "दोरच घेऊ."