गोव्याच्या टप्प्याचे चार हजार

मी एक जुनी कातड्याची बॅग आहे, मित्रांनो, आणि मला कुणी पर्स म्हटलेलं खपत नाही. पर्स बाजारात मिरवते, लग्नाला जाते. मी तीस वर्षं नोकरी केली आहे. कंडक्टरच्या खांद्याला लटकून गिरड, समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा या रस्त्यांवर इतके फेरे मारले, की कुठे किती गतिरोधक आहेत हे मी आजही डोळे मिटून सांगेन. आता माझा पट्टा दोन ठिकाणी तडकला आहे आणि एक बटण लागत नाही. तरी आमच्या गिरडमध्ये जहाजात बसून आलेली बॅग मी एकटीच. ते कसं घडलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मला हिंगणघाटच्या चंद्रभान नावाच्या कारागिराने शिवलं. म्हशीचं जाड कातडं, मेण लावलेला दोरा, पुढे चार कप्पे आणि पाठीला एक चोरकप्पा. "फाटली तं घेऊन येजो," एवढंच ते म्हणाले, आणि मी काही फाटले नाही. मला विकत घेणारे किसनराव तेव्हा नवेनवे कंडक्टर झाले होते. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं आणि आवाज असा, की मागच्या दारात लोंबकळणारा माणूसही दचकून आत सरकायचा.

किसनरावांचा जीव सुट्ट्या पैशांत अडकलेला होता. गिरडच्या दर्ग्याला येणाऱ्या भाविकांनी गाडी गच्च भरायची आणि पाचशेची नोट पुढे करणाऱ्याला ते अस्सं बघायचे, की त्याला आपणच गुन्हा केल्यासारखं वाटे. पण एखाद्या म्हातारीकडे दोन रुपये कमी पडले, तर ते गुपचूप स्वतःच्या खिशातून काढून माझ्यात टाकत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण माणूस वरून खडूस दिसला म्हणजे आतूनही तसाच असतो असं नाही.

आता एक दुःखाची गोष्ट. आमची गाडी रात्री गिरडला मुक्कामी असायची, त्यामुळे दिवसभराची रक्कम माझ्या पोटात किसनरावांच्या घरीच राहायची. एकदा त्यांचा मुलगा धनंजय, तेव्हा चार वर्षांचा, खोकून खोकून बेजार झाला होता. सकाळी किसनराव आंघोळीला गेले असताना त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी माझ्यातून वीस रुपये काढले आणि औषध आणलं. सांगायचं घाईत राहून गेलं. नेमकी त्याच दिवशी समुद्रपूरच्या अलीकडे गाडी थांबवून तपासणी झाली. रक्कम वीस रुपयांनी कमी भरली. किसनरावांची एक वेतनवाढ रोखली गेली.

घरी आल्यावर देवकाबाईंनी औषधाचं सांगितलं, तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त भिंतीत एक नवा खिळा ठोकला, चांगला उंच, आणि मला त्यावर अडकवलं. देवकाबाईंचा हात तिथवर पुरत नव्हता.

तेव्हापासून दर सोमवारी किसनराव घरखर्चाचे पैसे मोजून फळीवर ठेवायचे आणि देवकाबाई तेवढ्यात भागवायच्या. कधी जास्त मागितले तर ते नाही म्हणत नसत. पण देवकाबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं, की आपला हात पैशाला लागला की नुकसानच होतं. शेजारच्या मीराबाईंजवळ त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पैसे देते वो ते, कधी नाई म्हणत नाई. पण एकदा तरी आपल्या मनानं काढावं अन् आपल्या मनानं खर्चावं, असं वाटते. हात लावाची हिंमतच होत नाई." मी वर खिळ्यावर लटकून हे ऐकत होते. मला खाली उतरता येत असतं, तर त्याच क्षणी उतरले असते.

किसनराव निवृत्त झाले आणि मीही झाले. सुरुवातीला ते मला आठवड्याने खोबरेल चोळायचे, मग महिन्याने, मग विसरले. माझं कातडं कडक झालं. एक पाल माझ्या मागे घर करून राहिली. लोक मोबाईलवर पैसे द्यायला लागले, तर बॅगेचं काय काम? तीन वर्षं मी अशी काढली.

मागच्या हिवाळ्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या धनंजयने फोन केला. त्याने आईबाबांसाठी मुंबई ते गोवा आणि परत अशा जहाजाच्या सहलीची तिकिटं काढली होती. तिकीट, खोली, जेवण, गोव्यात फिरायची बस, सगळ्याचे पैसे भरलेले. "तुमी फक्त वरच्या खर्चाचं पाह्यजा," तो म्हणाला.

झालं. किसनरावांच्या अंगात पुन्हा कंडक्टर शिरला. मला खाली काढलं, पालीला हुसकलं, ओल्या फडक्याने पुसून तेल पाजलं. मग वहीचा कागद घेऊन ते खाली बसले.

"जहाज झालं म्हणून काय झालं?" ते देवकाबाईंना समजावू लागले. "त्याले बी टप्पे असतेच. पह्यला टप्पा गिरड ते मुंबई, दोन हजार. दुसरा टप्पा जहाज, सहा हजार. तिसरा टप्पा गोवा, चार हजार. चौथा टप्पा वापसी, दोन हजार. अन् चार हजार अडीअडचणीचे, मांगच्या कप्प्यात. झाले अठरा हजार."

चार टप्पे आणि माझे चार कप्पे. मित्रांनो, इतकं नेमकं काम मला नोकरीतही मिळालं नव्हतं. शिवाय त्या रकमेत बाराशे रुपये सुट्टे होते, दहावीसच्या नोटा आणि नाणी. धनंजय फोनवर हात जोडत होता. "बाबा, जहाजावर रोख चालतच नाई. तिथं कार्ड देते, सगळं त्याच्यावर."

"सुट्टे कुठंबी चालते," किसनराव म्हणाले. "तू मले नोको शिकवू."

मुंबईच्या बंदरात मला एका यंत्रातून जावं लागलं. पलीकडे पडद्यावर माझ्या पोटातली नाणीच नाणी दिसली, तेव्हा तिथला जवान किसनरावांकडे पाहून विचारू लागला, की काकांचं दुकान आहे का. जहाजावर काउंटरवरच्या मुलीने तर स्पष्टच सांगितलं, "अंकल, यहाँ कैश नहीं चलता. आप जमा कर दो, मैं कार्ड में डाल देती हूँ."

"पावती भेटेगी क्या?" किसनरावांनी विचारलं.

पावती मिळाली तेव्हा कुठे दुसऱ्या कप्प्यातले सहा हजार माझ्यातून बाहेर पडले. पण त्या पातळ कार्डावर त्यांचा काही विश्वास बसेना. नोट कमी झालेली दिसली नाही, तर खर्च झाला हे माणसाला कळायचं कसं? म्हणून त्यांनी संध्याकाळभर कार्ड वापरलंच नाही. जेवायला गेल्यावर आधी वाढणाऱ्याला गाठलं. "इसका कितना?"

"टिकट में है, अंकल."

"अन् दुबारा लिया तो?"

"वो भी टिकट में."

मग काय विचारता. गुलाबजाम, श्रीखंड, शेवया, पुन्हा गुलाबजाम. देवकाबाईंनी दोनदा डोळे मोठे केले, पण तिकिटाचे पैसे वसूल करायला बसलेल्या कंडक्टरला कोण अडवणार? सकाळी गोवा आलं तेव्हा किसनराव अंथरुणावर पिवळे पडून होते. जहाज हलत होतं आणि त्यांचं पोटही.

"मले उठवत नाई, देवका. सगळं फिरून राह्यलं."

"मंग मी बी नाई जात," देवकाबाई म्हणाल्या. "तुमाले असं टाकून जाऊ का?"

"जहाजाच्या डॉक्टरनं गोळी देल्ली, आता झोप येईन मले. दोघं मिळून छत पाहाले आलो का आपुन? गोव्याच्या टप्प्याचे चार हजार तसेच राहीन. तू जाय."

"अन् पैसे कोण देईन तिथं?"

"तूच देशीन. अजून कोण?"

किसनराव कसेबसे उठून बसले. त्यांनी मला स्वतःच्या खांद्यावरून काढलं आणि देवकाबाईंच्या खांद्यावर घातलं. त्या उंचीने कमी, म्हणून पट्टा दोन भोकं आवळला.

"ते वीस रुपये," ते म्हणाले. "लेकराचं औषधच तं आणलं होतं तू. अन् म्या खिळा ठोकला. चुकलं माह्यं. सांगाचं राहून गेलं तुले."

देवकाबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मले हिशोब नाई येत जी."

"मले नोको देऊ हिशोब. जाय, बस सुटून जाईन."

मित्रांनो, तीस वर्षं एकाच खांद्यावर राहिल्यावर दुसरा खांदा कसा लागतो ते मी सांगू शकत नाही. बसमध्ये त्या मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या होत्या. मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं.

पहिला खर्च नारळपाण्याचा. त्यांनी माझ्यात हात घातला, बांगड्या माझ्या काठाला लागल्या आणि शंभराची नोट बाहेर आली. नोट देण्याआधी त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, कुणाला तरी विचारायचं राहिल्यासारखं. मागे कुणीच नव्हतं. नारळवाला वाट पाहत होता. त्यांनी नोट दिली, पाणी प्यायलं, आणि परत आलेले सुट्टे बरोबर तिसऱ्या कप्प्यात टाकले. टप्पा चुकू दिला नाही.

त्यानंतर मात्र बाई मोकळ्या झाल्या. बाजारात काजूवाल्याशी त्यांनी अशी घासाघीस केली, की त्याला त्यांची भाषा अर्धीच कळली तरी त्याने पन्नास रुपये सोडले. मीराबाईंसाठी शिंपल्यांची माळ घेतली, किसनरावांसाठी टोपी. आणि स्वतःसाठी, हसू नका, काळा गॉगल. दुकानातल्या आरशात त्यांनी स्वतःकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या, की दुकानदारीणही हसू लागली. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं, तेवढं मला नव्या कोऱ्या नोटांबद्दलही कधी वाटलेलं नाही.

शेवटी बस समुद्रकिनारी थांबली. तिथे छत्रीखाली लांबलचक खुर्च्या मांडल्या होत्या. तासाचे दोनशे रुपये. देवकाबाई त्या खुर्चीभोवती दोनदा फिरल्या. पुढे गेल्या, परत आल्या. मग पैसे देऊन बसल्या. चपला काढल्या, मला मांडीवर ठेवलं आणि समोर बघत राहिल्या. तासभर त्यांनी काही घेतलं नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. धान्य निवडताना, स्वयंपाक करताना, गाडीची वाट पाहताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं, पण अशा नुसत्या बसलेल्या कधी पाहिलं नव्हतं.

परतताना बसमध्ये त्यांचा चेहरा उतरला. बोटांवर हिशोब चालू झाला. काजू, माळ, टोपी, गॉगल, नारळ. सगळं सांगता येत होतं. पण ते दोनशे रुपये? त्याबदल्यात हातात काहीच नव्हतं. मला त्यांच्या मनातली भीती कळत होती. हात पैशाला लागला आणि पुन्हा कमी भरणार.

खोलीत किसनराव उठून बसले होते. चेहऱ्यावर जरा तजेला आला होता. देवकाबाईंनी मला खांद्यावरून काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"मोजून घ्या अजी. दोनशे रुपयाचा घोळ हाये."

सवयीने किसनरावांचा हात माझ्या बटणाकडे गेला. "कुठं गेले?"

"एक खुर्ची घेतली भाड्यानं. समुद्रापाशी. तासभर नुसती बसली मी." आवाज अगदी खाली गेला होता. "नुसत्या बसाले दोनशे रुपये देल्ले."

किसनराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसू लागले. पोट दुखत होतं तरी थांबेनात.

"अवं, म्या तीस वर्षं लोकायकडून बसाचेच पैसे घेतले. अन् अर्ध्यायले जागा बी देल्ली नाई, उभ्यानं नेलं. तुले खुर्ची भेटली ना?"

"भेटली."

"हवा आली?"

"लय हवा होती."

"मंग घोळ कायचा? तिकीट काढून बसली तू."

त्यांनी माझ्या बटणावरचा हात काढून घेतला. मला उघडलं नाही. माझ्यात पैसे असताना दिवस संपला आणि मला उघडून मोजलं नाही असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी मला उचललं आणि देवकाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "वापसीचा टप्पा बी तूच पाह्य," ते म्हणाले आणि नवी टोपी घालून आरशापुढे उभे राहिले. देवकाबाई मला कवटाळून रडल्या. माझं कातडं ओलं झालं. एरवी मला पाणी मुळीच चालत नाही, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

मुंबईत कार्डावरचे उरलेले पैसे परत घ्यायला देवकाबाईच रांगेत उभ्या राहिल्या, आणि पावती मागून घेतली. सुट्टे बाराशेतले बरेचसे तसेच गिरडला परत आले. आता मी देवकाबाईंबरोबर बाजाराला जाते. भाजीवाल्या मला ओळखू लागल्या आहेत.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी बॅग असेल, तर तिला टाकून देऊ नका, वर्षातून दोनदा खोबरेल लावा, म्हणजे ती तडकणार नाही. आणि घरातले पैसे सांभाळणारा हात एकच असेल, तर एक दिवस ती बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर अडकवा, पट्टा त्याच्या उंचीचा करून द्या. ती परत आली की मोजू नका.