मांजराची शिंक

मुनीम शिंकला तेव्हा तो दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बसला होता. काट्यावरचे लाल आकडे दचकून वर गेले आणि खाली यायला विसरले, असं ओमप्रकाश पुढं बरेच दिवस गिऱ्हाइकांना सांगत होता. त्यातलं खरं इतकंच, की मुनीम नावाचा तो थोराड बोका शिंकला आणि पायरीवर एक पाय ठेवलेल्या रुख्माबाईनं तो पाय मागं घेतला.

“शिंकलं कोण?”

“मांजर आहे मावशी. या, या.”

“मांजर असो का माणूस. शिंकेवर सौदा नाई करत मी,” असं म्हणून ती समोरच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि तिथून पुढच्या गल्लीतल्या दुकानात गेली.

ओमप्रकाशनं मुनीमला काट्यावरून उचललं. त्याच्या डोळ्यांना पाणी होतं, नाकाला शेंबूड होता, आणि चेहऱ्यावर उधारी बुडालेल्या माणसाचे भाव होते.

जामच्या चौरस्त्यावर, नागपूरकडून येणारे ट्रक चहाला थांबतात तिथं, हे किराणा दुकान. दुकानामागं घर, घरामागं आंगण. उंदरांपायी मांजरं पाळलेली. मुनीम दुकान बघायचा आणि गेंदी घर. गेंदी ही म्हातारी मांजरी मुळात लेकीची, काजलची. शाळेत असताना काजलनं तिला दप्तरातून आणलं होतं. काजल लग्न होऊन रोहण्याला गेली, गेंदी राहिली. तिची या सालची पिल्लं आता आंगणभर धावत होती. म्हणजे परवापर्यंत धावत होती.

रोग आणला ओमप्रकाशनं. चौरस्त्यावर ट्रकच्या चाकाशी बसलेलं एक चिपडलेल्या डोळ्यांचं पिल्लू तो सदऱ्यात घालून घरी घेऊन आला. पिल्लू थेट हैदराबादहून आलंय, त्याला तेलुगूशिवाय काही कळत नाही, अशी त्यानं घरात बातमी दिली.

“मंग तुमाले कसं कळलं त्याचं?” आनंदाबाईनं विचारलं.

“थोडी थोडी येते मले.”

आनंदाबाईला नवऱ्याच्या थापांची चीड होती. ती स्वतः कधी खोटं बोलली नव्हती, आणि त्याचा तिला जरा अभिमानही होता. पण पिल्लाला तिनं घरात घेतलं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कोमट पाण्यात भिजवून त्याचे डोळे पुसले. त्याच तुकड्यानं मग बाकीच्यांचेही पुसले. एकाचे पुसायचे आणि दुसऱ्यांनी नुसतं बघत बसायचं, हे तिला बरं वाटेना. जेवणही सगळ्यांना एकाच परातीत. या घरात वेगळं पान कुणालाच नसायचं.

आठवडा भरायच्या आत सगळं घर शिंकायला लागलं. ट्रकवालं पिल्लू एका सकाळी उठलंच नाही. ओमप्रकाशनं त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि त्या दिवशी दुकानात एकही गोष्ट सांगितली नाही.

शिंकांनी आनंदाबाईची वेगळीच पंचाईत केली. ती शकुनाची पक्की. कुणी घराबाहेर निघालं आणि शिंक आली, की त्याला परत आत बसवायचं, पाणी पाजायचं, मगच सोडायचं. आता त्या हिशेबानं ओमप्रकाश दुकानापर्यंतसुद्धा पोचला नसता. दोन दिवस पाणी पिऊन त्याचं पोट तट्ट झालं, तेव्हा तिनंच कायदा काढला.

“मांजराची शिंक धरत नाईत.”

“कोण म्हणते?”

“मी म्हणतो,” आनंदाबाई म्हणाली.

शेजाऱ्याच्या गाईला बघायला गुरांच्या डॉक्टर आल्या होत्या, पौर्णिमा मॅडम. ओमप्रकाशनं त्यांना हाताला धरावं तसं आंगणात आणलं. त्यांनी एकेका मांजराला पालथं-उताणं करून पाहिलं, डोळ्यांत टाकायचं औषध दिलं, आणि लुगड्याचा तुकडा दोन बोटांत उचलून विचारलं, “हा सगळ्यांना एकच?”

आनंदाबाईनं मान डोलावली.

“हा उकळा, नाहीतर टाकून द्या. आजारी वेगळे, चांगले वेगळे, ताटल्या वेगळ्या. पिल्लं निघतील यातून. बोका तर दणकट आहे.” मग त्यांनी गेंदीला मांडीवर घेतलं. “हिचं मात्र कठीण आहे. खात नाही ना?”

“दूध नाई, तूपभात नाई. तोंडच लावत नाई.”

“मांजराला वास आला नाही तर ते खात नाही. हिचं नाक पार बंद आहे. वाफ द्या, आणि उग्र वासाचं काहीतरी गरम करून पुढं ठेवा. सुकट बघा, बोंबील बघा. आणखी दोन-तीन दिवस अशीच राहिली तर वयामुळं झेपणार नाही तिला.”

सुकट हा शब्द त्या आंगणात बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. आनंदाबाईच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. काजलच्या लग्नात भानगड झाली ती तिथंच. रोहण्याचा निकेश मुलगा म्हणून चांगला होता, शेती चांगली होती, पण त्यांच्या घरी रविवारी मटण शिजायचं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास. लग्नानंतर काजल पहिल्यांदा आली, तहानेली, सरळ माठाकडं गेली. तेव्हा आनंदाबाईनं विचारलं होतं, “तिकडं खातं का तू?”

“खातो.”

“मंग त्या हातानं माह्या माठाले हात नोको लावू.”

काजलनं हातातला पेला होता तिथं पालथा ठेवला. त्यानंतर ती जामला यायची ती दुकानापर्यंत. साखरेच्या पोत्यावर बसायची, बापाबरोबर चहा प्यायची, आणि मधल्या दारातून गेंदी येऊन मांडीत बसली की तिच्याशी बोलायची. आतून भांड्यांचा आवाज येत राहायचा. मग ती बसला जायची. नाही खात, एवढं म्हणाली असती तर मिटलं असतं, असं ओमप्रकाशला नेहमी वाटे. एवढं खोटं तर तो जेवता जेवता बोलत असे. पण पोरगी आईवर गेली होती.

डॉक्टर गेल्यावर आनंदाबाईनं वाफ दिली. टोपलीवर चादर टाकून, खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून. लोणकढं तूप कढवलं, सायीला हिंग लावला. गेंदीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेंदी उठून मधल्या दारापाशी गेली, दुकानातल्या साखरेच्या पोत्याकडं बघत उभी राहिली, आणि उभ्या उभ्याच तिचे मागचे पाय बसले.

आनंदाबाईनं तिला उचलून आणलं.

“तिले फोन लावा,” ती म्हणाली.

“कोणाले? डॉक्टरीनले?”

“तिले.” मग टोपलीतली चादर नीट करत म्हणाली, “म्हणा, सुकट घेऊन ये. मले नाई समजत ते कसं करतात.”

काजल दुसऱ्या दिवशी वर्ध्याला बस बदलून आली. या वेळी ती दुकानातून न येता बाजूच्या बोळीतून आंगणात आली. पिशवीत कागदात बांधलेली सुकट, एक जर्मनचं जुनं भांडं, आणि काडेपेटीसुद्धा तिकडचीच. या घरातलं काही मागावं लागू नये अशी सगळी तयारी. तिनं लिंबापासून दूर तीन विटा मांडल्या, कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या मोडून घातल्या. आनंदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, नाकाला पदर लावून.

“बाबा, तिले काऊन इतकं वाळू देलं?” काजलनं टोपलीत डोकावून म्हटलं.

“म्या तं मुनीमले तिच्यासाठी हिंगणघाटले पाठवलतं औषध आणाले,” ओमप्रकाश म्हणाला. “तो गेला, पण दुकान बंद होतं.”

काजल हसली. हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले. धूर तसा फार नव्हता.

सुकट भाजली, कुटली, गरम पाण्यात कालवली. वास असा उठला, की चौरस्त्यावर दोन ट्रक विनाकारण थांबले, असं ओमप्रकाशचं म्हणणं. काजलनं ओल्या कापसानं गेंदीचं नाक मोकळं केलं, बोटावर थोडं घेऊन तिच्या ओठांना लावलं आणि वाट पाहत राहिली. गेंदीनं डोळे मिटूनच घेतले होते. मग तिची जीभ बाहेर आली. एकदा ओठांवरून फिरली. पुन्हा फिरली. मग तिनं मान उचलली आणि काजलचं बोट चाटू लागली, खरखर आवाज करत.

“खाल्लं,” काजल म्हणाली. “आई, खाल्लं तिनं.”

आनंदाबाईचा पदर केव्हातरी नाकावरून खाली आला होता.

भांडं रिकामं झालं. काजलनं ते राखेनं घासलं, विटा होत्या तिथं नेऊन ठेवल्या, उरलेली सुकट कागदात बांधली. ही कशी द्यायची ते बापाला समजावून सांगितलं, जरा मोठ्यानं, उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं. ऊन लिंबावरून भिंतीवर गेलं होतं. तिनं पिशवी उचलली.

“येतो मी. वर्ध्याची बस येईल आता.”

 ती बोळीकडं वळली.

“थांब,” आनंदाबाई म्हणाली.

काजल थांबली.

“शिंकली गेंदी.”

काजलनं टोपलीत पाहिलं. गेंदी पोट वर करून गाढ झोपली होती. नाक कोरडं, मिशीला सुकटीचा एक कण. दुकानाच्या दारातून ओमप्रकाशनंही पाहिलं.

“मांजराची शिंक धरत नाईत म्हणे नं आता? बाबा सांगे फोनवर.”

“तुह्या बापाचं काय खरं असते?”

ओमप्रकाशनं तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात तो एकदा खरं बोलला होता, आणि नेमकी तीच थाप ठरत होती. त्यानं तोंड मिटलं, आणि मग घसा साफ करून म्हणाला, “शिंकली नं. अशी शिंकली का तिकडं काट्यावरचे आकडे हालले.”

चौरस्त्यावर बस हॉर्न द्यायला लागली.

“पाणी पेऊन निघजो,” आनंदाबाई म्हणाली. ती उंबऱ्यातून उठली, बाजूला झाली. “माठ तिथंच हाये. घे हातानं.”

काजल दाराशी आली. पायरीपाशी तिनं आपले दोन्ही हात पाहिले.

“हाताले वास हाये, आई.”

आनंदाबाईनं भिंतीकडं तोंड केलं आणि पदरानं नाक जोरात पुसलं.

“मले नाई येत,” ती म्हणाली. “माहं नाक बंद हाये दोन दिसांपासून.”

काजलनं पायातल्या चपला काढल्या. बस निघून गेल्याचा आवाज आला, आणि तो विरल्यावर आतून माठात पेला बुडाल्याचा.