लाइव्ह मॉडेल, पांढऱ्या कापडासह

साखरा गावचे ज्ञानबा शनिवारी दुपारी वारले. तांड्यापर्यंत निरोप गेला, दोन दुकानांची शटरं खाली आली, सत्यभामाबाईंनी हंबरडा फोडला आणि एकूण कार्यक्रम चांगला झाला. पण वारण्याचं तेवढं झालंच नाही, हे आधी ध्यानात घ्या. ज्ञानबा ठणठणीत आहेत, रोज बकऱ्यांमागे जातात, आणि कोणी हा विषय काढलाच तर "कोण वारलं?" म्हणून उलट विचारतात. गोष्ट त्यांच्या नातीच्या सबमिशनची आहे.

नात म्हणजे शिवकन्या. हिंगोलीतल्या एका दृश्य आणि रंगमंचीय कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. कॉलेज खताच्या दुकानावर भरतं. एका खोलीत नाट्यवाले झाड होण्याचा सराव करतात, दुसऱ्या खोलीतले चित्रवाले निसर्गचित्र म्हणून त्यांनाच काढतात. कॉलेजात प्लास्टरचा एकच पुतळा आहे. त्याचं नाक मागेच गळालं, तेव्हापासून तिथून पास झालेल्या कुठल्याच पोराला नाक काढता येत नाही.

पहिल्या वर्षाचं शेवटचं काम शिवप्रसाद सरांनी अभ्यासक्रमातून वाचून दाखवलं. आडवी मानवाकृती, जिवंत मॉडेलवरून. अंगावर पांढरं कापड, घड्यांसह. शेजारी मातीचं भांडं आणि फुलं. प्रकाश उत्तरेकडून, डोक्याच्या बाजूने. हे ज्या समितीनं ठरवलं तिच्या सदस्यांच्या घरी आजवर कोणी मेलेलं नसावं.

"सर, मॉडेल कुठून आणायचं?" शिवकन्येनं विचारलं.

"घरचं आणा. फक्त हललं नाही पाहिजे. मॉडेल हललं की घड्या बदलतात आणि घड्या बदलल्या की मार्क बदलतात."

मार्क बदलून चालणार नव्हतं. तिच्या बापानं, अंगदनं, आधीच बजावलं होतं, "औंढ्याला फार्मसीत जागा हाय, तुझ्या मामाचा वट हाय. औंदा नापास झालीस तर सरळ तिकडं जायचं. चित्रं काय, गोळ्यांच्या पुड्यांवर बी काढता येतेत."

तिनं आईला झोपवून पाहिलं. कुकरची शिट्टी झाली की मॉडेल उठून जाई. शेळीला बसवून पाहिलं. शेळीनं घड्या खाल्ल्या. शेवटी आजोबाच म्हणाले, "काहून रडून राहिली? मी पडतो. नागनाथाची आण, तू सांगेस्तोवर बोट हलवणार न्हाई."

शनिवारी अंगद सेनगावला गेला होता, आई रानात. शिवकन्येनं आबांना ओसरीत घोंगडीवर आडवं केलं. उजेड उत्तरेच्या दारातून डोक्यावर यावा म्हणून पाय आपोआप दक्षिणेला गेले. अंगावर पांढरं धोतर पसरलं, बाजूला मडकं ठेवलं, झेंडू ठेवला. उजेड कमी पडला म्हणून उशाशी समई लावली. मग सरांनी शिकवल्याप्रमाणे डोळे बारीक करून छटा बघायला सुरुवात केली. डोळे बारीक केले की पाणी येतं. ते ती चित्राच्या कोळशानं माखलेल्या हातानंच पुसत होती.

अशात शेजारच्या सत्यभामाबाई वाटीभर विरजण मागायला आल्या. त्यांनी धोतर पाहिलं, मडकं पाहिलं, समई पाहिली, पोरीचं काळवंडलेलं तोंड पाहिलं. वाटी खाली ठेवली आणि गावाला कळवलं.

"काकू, आबा जिवंत हायेत," शिवकन्या कागदावरची नजर न काढता म्हणाली. गुडघ्याजवळची घडी ऐन रंगात आली होती.

"व्हय गं लेकरा," सत्यभामाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आपल्यासाठी जिवंतच हायेत ते."

बघता बघता ओसरी भरली. आणि शिवकन्येच्या लक्षात आलं, की एरवी पारावर एक मिनिट स्वस्थ न बसणारं गाव आज दगडासारखं बसलंय. कोणी हालेना, कोणी मोबाइल काढेना. एवढी मॉडेलं कॉलेजच्या बापजन्मात जमली नसती. तिनं कागद मोठा घेतला आणि एकेक चेहरा उतरवायला लागली. नाकासकट.

आबांना मात्र हलायची इच्छाच उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल चांगलं बोललं जात होतं. तांड्यावरचे लालसिंग त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "दोस्ता, तुजा बोकड जातिवंत होता. मी जळून नावं ठेवली." आबांच्या गालावर एक खळी पडली. शिवकन्येनं ती शेडिंगमध्ये लपवली.

तेवढ्यात अंगद रडतच पोचला. त्याला धीर द्यावा म्हणून लालसिंग म्हणाले, "रडू नको. नव्वदीचा माणूस. सोनं झालं."

"कोणाला नव्वद म्हणून राहिला बे?" मयतानं डोळे उघडले. "तुज्याहून दोन वर्सांनी ल्हान हाय मी."

शिवकन्या हळूच म्हणाली, "आबा, हललात."

लोकांना राग आला, आणि तो रास्तच होता. आबा जगले याचा नव्हे. त्यांनी उशीर केला याचा. अंगदला आनंद झाला, पण रडवेला चेहरा एकदम कुठं ठेवावा ते कळेना.

"आधी सांगायचं न्हाई व्हय?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सांगितलं की, काकू."

"असं सांगतेत का? जरा ओरडून सांगावं."

मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी रांधली होती. ती जिवंत माणसाच्या घरी खाऊन सगळे उठून गेले.

सोमवारी शिवप्रसाद सरांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. "मधलं मॉडेल कच्चं आहे. आणि या सगळ्यांचे हातपाय कुठंयत?"

"ते घेऊन गेले, सर."

"चेहरे बरे आहेत. नाकं जरा जास्त झालीत." सरांनी चष्मा पुसला. "शनिवारपर्यंत पूर्ण करून आण. त्याच मॉडेलांवरून. नाहीतर शून्य."

शिवकन्या घरोघर फिरली. सत्यभामाबाई म्हणाल्या, "एकाच माणसासाठी दोनदा रडू येत न्हाई, बाई." लालसिंग म्हणाले, "खरंच मेला तर येईन. उगं तकलीफ कोण घेणार?" आबा तेवढे तयार होते, त्यांना बोकडाबद्दल पुन्हा ऐकायचं होतं. अंगदनं औंढ्याला मामाला फोन लावला. तेव्हा शिवकन्येनं अर्ज लिहायला घेतला:

प्रति, मा. सरपंच. विषय: शोक पुन्हा भरविण्याबाबत. महोदय, श्री. ज्ञानबा हे हयात आहेत, याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. तथापि शैक्षणिक निकड लक्षात घेऊन आपण आपल्या अधिकारात त्यांना येत्या शनिवारी दुपारी बारापासून शेडिंग पूर्ण होईपर्यंत मयत घोषित करावे. संबंधित सर्व रडणाऱ्यांस त्याच जागी, त्याच कपड्यांत व तितक्याच दुःखासह हजर राहण्याचे आदेश द्यावेत. आणि हुंदका आल्यास खांदे न हलविता तो द्यावा, अशी त्यांस लेखी समज द्यावी, ही नम्र विनंती.