हेन्या झिल्बरची दुरुस्ती

लोद्झ शहरात त्या वर्षी पावाची रांग लागे, कोळशाची रांग लागे आणि आमच्या यिद्दिश वर्तमानपत्राच्या जिन्यावर बायकांची रांग लागे. पहिल्या दोन केव्हातरी संपायच्या. तिसरी मात्र संपायचं नाव घेत नसे.

हेन्या झिल्बर रोज सकाळी आठला त्या रांगेतून वाट काढत वर यायची, कोट अंगात तसाच ठेवून खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "या, पहिली कोण?" ‘कोणी पाहिलं?’ हे सदर तिच्याकडे होतं. हरवलेल्याचं नाव, गाव, धंदा, शेवटचा कुठे दिसला, अशा चार ओळी. युद्धाआधी हीच बाई गिरणीमालकांची झोप उडवणारे लेख लिहायची. युद्धात ज्यूंच्या वस्तीला कुंपण पडलं तेव्हा ती सूपसाठी मिळणाऱ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर रोजची हकीकत लिहीत गेली आणि सगळ्या चिठ्ठ्या डब्यात घालून तळघरात पुरल्या. छावणीतून हाडांचा सापळा होऊन परतली, तर आधी तो डबा उकरला आणि मग खायला मागितलं. अशी बाई. नगरसेवकाचं नावसुद्धा दोघांना विचारल्याशिवाय न छापणारी.

"आज तरी कोट काढ," लायझर म्हणाला. तो आतल्या खोलीत छपाईचे खिळे जुळवायचा आणि दर तासाला काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी यायचा. "धर्मपीठापुढे जायचंय. त्यांना वाटेल, बाई पळून निघालीये."

"निघालेच आहे की, तुझ्याबरोबर."

"हळू बोल. रब्बींच्या कानावर गेलं तर लग्नाआधीच घटस्फोट देतील."

हेन्या हसली. ती हसली की रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघत. आपल्यातली एक तरी सुटतेय, असं त्यांना वाटत असावं.

लायझरच्या भावाने ब्युनोस आयर्सहून कागद पाठवले होते. महिनाअखेरीला बोट होती. जुलैत किएल्त्से गावात आमच्या चाळीसवर ज्यूंना दिवसाढवळ्या ठेचून मारलं होतं, तेही युद्ध संपून वर्ष झाल्यावर. तेव्हापासून ज्याला त्याला इथून निघायचं होतं. आधी लग्न, मग बोट, एवढंच दोघांचं ठरलं होतं. अडचण होती हेन्याच्या पहिल्या नवऱ्याची. आव्रोम झिल्बर, घड्याळजी, उजवा पाय अधू. चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये दोघांना एकाच गाडीतून छावणीत नेलं, उतरल्यावर बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे. त्यानंतर तो दिसला नाही.

आमच्यात नवरा मेल्याचा पुरावा नसेल तर बाई विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. बांधलेली. अगुना म्हणतात तिला. तिने तसंच दुसरं लग्न केलं तर तिच्या पोरांना समाजात सोयरीक नाही, त्यांच्या पोरांना नाही, पुढच्या पिढ्यांनाही नाही. पुरुषाला मात्र वाट निघते. लायझरची बायको त्याच उन्हाळ्यात गेली, तिलाही मरताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याला रब्बींच्या सह्या गोळा करून सहा आठवड्यांत परवानगी मिळाली होती.

धर्मपीठात तिघे बसले होते. मधले म्हातारे रब्बी सात मुलं गमावून बसलेले, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे.

"बस, मुली. जेवून आलीस ना?"

"हो, रब्बी."

"छावणीतून परत न आलेल्यांसाठी आम्ही साक्षीदाराचा हट्ट धरत नाही. वय, तब्येत, गाडीची तारीख बघतो आणि बाईला मोकळं करतो. बऱ्याच जणींना केलंय." त्यांनी वहीतून एक कात्रण काढलं. "पण हे तुझंच सदर ना?"

तिला वाचायची गरज नव्हती. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळी होत्या. ‘आव्रोम झिल्बर, घड्याळजी. जून १९४५ मध्ये चेन्स्तोखोवा स्टेशनवर दिसला. खंगलेला, पण पायांवर उभा. बायको लोद्झलाच आहे, वाट पाहते.’

"कोणी सांगितलं होतं?"

"फिशल नावाच्या माणसाने. एका हाताने थोटा आहे. आव्रोम लंगडतो हेही त्याने सांगितलं."

"दुसऱ्या कोणाला विचारलंस?"

आयुष्यात एकदाच तिने एकाच्या तोंडचं ऐकून छापलं होतं, आणि तेही आनंदाच्या भरात, स्टेशनपासून कचेरीपर्यंत पळत येऊन. "नाही विचारलं," ती म्हणाली.

"मग तुझा नवरा युद्ध संपल्यावर जिवंत होता. हे आम्ही म्हणत नाही, तूच लिहिलंयस." रब्बींनी डोळे पुसले. खरंच पुसले, त्यात ढोंग नव्हतं. पण कात्रण वहीतच ठेवलं.

फिशल मदत समितीच्या स्वयंपाकघरात सापडला. डाव्या हाताने बटाटे सोलत होता. बटाटा दोन गुडघ्यांत धरलेला.

"आव्रोम झिल्बरला तू पाहिलंस?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "बस की. चहा घेतेस?"

"पाहिलंस का ते सांग."

"नाही पाहिलं."

"मग लंगडतो हे कसं कळलं?"

"तूच विचारलंस, हेन्या. लंगडत होता का, म्हणालीस. मी हो म्हटलं." फिशलने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "गाडीतून उतरलो की स्टेशनवर तुम्ही बायका फोटो घेऊन धावत यायचात. याला पाहिलं का, त्याला पाहिलं का. पहिल्या दिवशी मी खरं बोललो. ती बाई फलाटावरच बसली, उठवेना. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना म्हणालो, पाहिलं. बायका घरी जायच्या, जेवायच्या. माझ्या गाठीला दुसरं काय होतं द्यायला?"

"किती जणींना सांगितलंस?"

"तीस. एकतीस असतील."

हेन्याला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या शेजारी बसून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्याच्या गुडघ्यांतला बटाटा काढून घेतला, सोलून पातेल्यात टाकला आणि म्हणाली, "हात धू. माझ्याबरोबर चल."

धर्मपीठापुढे फिशलने सगळं कबूल केलं. रब्बींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू खोटं बोललास म्हणतोस. तेव्हा बोललास की आत्ता बोलतोयस?"

"तेव्हा, रब्बी. दयेपोटी."

"आणि ही बाई सुटावी म्हणून आत्ता बोलत असशील, तर तीही दयाच." रब्बींनी हात पसरले. "कुठल्या दयेवर विश्वास ठेवू मी? उद्या तो माणूस दारात उभा राहिला तर हिच्या पोरांच्या कपाळावर मीच डाग लावलेला असेल."

"आणि नाही उभा राहिला तर?" हेन्या म्हणाली.

"मग थांब."

"किती, रब्बी?"

डावीकडच्याने पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी ती लायझरच्या खोलीत गेली. तो खिळ्यांच्या खणापाशी उभा होता, बोटं शाईने काळी.

"सरकारी कचेरीत लग्नाची सही करू," ती म्हणाली. "आता चालतं तसं. बोटीला तेवढा कागद पुरतो."

"हेन्या."

"तिकडे कोणाला काय कळणार?"

"मला कळेल." त्याने खिळा खणात ठेवला. "आमच्या घरातून मी एकटा उरलोय. माझ्या पोराला कोणी म्हणालं, हा आपल्यातला नाही, तर मला नाही सोसणार ते. कुंपण घालणाऱ्यांनीही तेच म्हटलं होतं ना आपल्याला."

"मी एकोणचाळीसची आहे. मूल होईल का तेही ठाऊक नाही."

"झालं तर?"

"तुझ्या बायकोला मरताना कोणी पाहिलं, लायझर?"

"कोणी नाही."

"तरी तू मोकळा आहेस."

"ते वेगळं आहे."

"हो," हेन्या म्हणाली. "ते वेगळंच आहे."

माणूस वाईट नव्हता. म्हणून तर जास्त लागलं. महिनाअखेरीला तो गेला. ती स्टेशनवर गेली, डब्यात पाव आणि अंडी दिली, स्वतःचा मफलर त्याच्या गळ्यात गुंडाळला. परत येऊन कोट न काढता टेबलाशी बसली आणि तिने लिहायला घेतलं.

शुक्रवारच्या अंकात सदराच्या अगदी वर आलं. ‘दुरुस्ती. आव्रोम झिल्बर चेन्स्तोखोवाला दिसला असं या सदरात छापलं होतं. ते खोटं होतं. मी खात्री केली नाही. याच माणसाने आणखी तीस जणींना असंच सांगितलं आहे. ज्यांना फिशलने सांगितलं, त्यांनी मला भेटावं.’ आणि त्याखाली, ‘आव्रोम झिल्बर, घड्याळजी, उजवा पाय अधू. याला मेलेला कोणी पाहिला? ज्याने पाहिला त्याने कळवावं. बायको मोकळी होऊ मागते.’

सोमवारी सकाळी जिना गच्च भरला होता. पहिली दार ढकलून आत आली ती द्वोय्रे, शिंप्याची बायको, साठीची. तिने हातातला अंक टेबलावर आपटला.

"माझा यांकल परवापर्यंत जिवंत होता," ती म्हणाली. "रोज त्याची ताटली मांडत होते. तू मारलास त्याला."

हेन्याने मान खाली घातली. मग तिने कोरा कागद पुढे ओढला आणि खुर्ची सरकवून दिली. द्वोय्रे कितीतरी वेळ टेबल धरून उभी होती. मग बसली. तिच्या मागे दारात चाळिशी न गाठलेल्या चौघी उभ्या होत्या. तिने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला कुठे लग्न करायचंय या वयात," ती हळू म्हणाली. "पण या पोरी आहेत. लिही. यांकल, शिंपी. मेलेला कोणी पाहिला?"

त्या शुक्रवारी तशा अकरा जाहिराती आल्या, पुढच्या शुक्रवारी एकोणीस. धर्मपीठाने कात्रणं कापून वहीला लावली आणि पुरावा अपुरा असा शेरा मारला. कळवायला कोणी आलं नाही. ज्यांनी पाहिलं होतं ते छावणीतल्या त्याच रांगेत मेले होते. हे पुरावा मागणाऱ्यांनाही माहीत होतं आणि जाहिरात देणाऱ्यांनाही.

हेन्याने ती जाहिरात थांबवली नाही. दर गुरुवारी छापखान्यातला ओला कागद तपासायला तिच्यापुढे यायचा. इतरांच्या जाहिराती ती दोनदा तपासायची, आपली तीनदा. नाव, धंदा, पाय. मग खाली सही करायची. त्यात आता एकही चूक नव्हती.